जुन्या मोटारीची पारख : एका कसबाचा इतिहास

जुनी मोटार विकत घेण्यापूर्वी तिची तपासणी करण्याची रीत मोटारीइतकीच जुनी आहे. मात्र या तपासणीत विचारला जाणारा मुख्य प्रश्न गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पार बदलून गेला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वापरलेली गाडी घेणाऱ्याला ती नीट चालेल का, घाट चढेल का आणि किती वर्षे टिकेल एवढेच जाणून घ्यायचे असे. आज ऐंशी किंवा शंभर वर्षांपूर्वीची गाडी घेणाऱ्याला त्याआधी निराळेच काही ठरवावे लागते, ते म्हणजे विकणारा जी गाडी म्हणून ती दाखवत आहे ती खरोखर तीच गाडी आहे का. पहिला प्रश्न यंत्राच्या प्रकृतीचा आहे आणि दुसरा त्याच्या ओळखीचा. मुंबई आणि तिच्या आसपासच्या संस्थानी मुलखात या बदलाचा माग काढला, तर ओळखीचा हा प्रश्न केवळ संग्राहकांच्या हौशीतून जन्मलेला नाही असे दिसते. कारखान्यांची उत्पादनपद्धती, आयातीवरील निर्बंध, संस्थानांचे विलीनीकरण आणि इंधनाचे भाव या सर्वांनी इथल्या मोटारींवर आपापल्या खुणा ठेवल्या, आणि आजची तपासणी म्हणजे मुख्यतः त्या खुणांचे वाचन आहे.

मोटारी प्रथम आल्या तेव्हा तपासून पाहायची ती कोरी गाडीच. यंत्रावरच लोकांचा पुरता विश्वास बसलेला नव्हता, रस्ते बैलगाडीच्या मापाचे होते, आणि इंग्लंडच्या सपाट रस्त्यांवर धावलेली गाडी सह्याद्रीच्या चढणीवर काय करील याची शाश्वती कोणताही विक्रेता तोंडी देऊ शकत नव्हता. म्हणून या काळात लांब पल्ल्याच्या जाहीर चाचण्यांना फार महत्त्व आले. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर झालेल्या अशाच एका चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने ओळखली जाणारी रोल्स-रॉइस उतरली होती; सहा घाट ओलांडत सुमारे ६२० मैलांचे अंतर तिने वाटेत कोठेही बंद न पडता पार केले, आणि नंतर ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. पुढच्या काळात हिंदुस्थानातील संस्थानिक रोल्स-रॉइसचे मोठे गिऱ्हाईक ठरले, त्यामागे अशा चाचण्यांनी मिळवलेला विश्वासही होता. घाट हीच तपासणी होती, आणि ती सर्वांच्या डोळ्यांदेखत होत असल्यामुळे तिच्या निकालावर शंका घेण्याचे कारण उरत नसे.

त्याच १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे एक वेगळी चाचणी झाली, आणि तिचे परिणाम मुंबई-कोल्हापूरच्या चाचणीपेक्षा फार दूरवर पोचले. तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण खोलून त्यांचे सुटे भाग एकमेकांत मिसळण्यात आले, त्यांतले काही भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले भाग घालण्यात आले, आणि त्या ढिगातून पुन्हा जोडलेल्या तिन्ही गाड्या ५०० मैल पळवून दाखवण्यात आल्या. या कामगिरीबद्दल कंपनीला डेव्हार चषक मिळाला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक भाग कानस लावून त्याच गाडीसाठी बसवलेला असे, आणि कित्येक कारखान्यांत फिटर त्या भागावर गाडीचा क्रमांकही ठोकत. एका गाडीचा दांडा दुसरीला लागत नसे. कॅडिलॅकने सिद्ध केलेली अदलाबदलक्षमता, म्हणजे एकाच मापाचा कोणताही भाग त्या जातीच्या कोणत्याही गाडीला बसणे, ही स्वस्त आणि दुरुस्त होण्याजोग्या मोटारीची पूर्वअट होती. मात्र तिच्याचमुळे दोन मोडक्या गाड्यांतून एक धडकी गाडी करणे शक्य झाले, आणि एका गाडीचे भाग वाटून घेऊन दोन गाड्या उभ्या करणेही तितकेच शक्य झाले. ओळखीच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

अमेरिकी कंपन्यांनी ही पद्धत हिंदुस्थानात आणली. फोर्ड कंपनीच्या कॅनडातील शाखेने १९२६ साली फोर्ड इंडिया स्थापन केली, आणि १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारजोडणीचा कारखाना सुरू केला. येथे गाडी घडवली जात नसे. सुट्या भागांच्या पेट्या बोटीने येत आणि त्यांची जोडणी मुंबईचे कामगार करत. या गाड्यांचे स्टीअरिंग उजव्या बाजूला असे, आणि ब्रिटिश साम्राज्यातील देशांना लागणारा असा माल बऱ्याच अंशी कॅनडातून येई. आज शेव्हरोले, ब्यूक किंवा फोर्ड तपासणाऱ्याला ही माहिती प्रत्यक्ष उपयोगी पडते. स्टीअरिंग मूळचेच उजवीकडे असेल तर इंजिन आणि चालकाची बैठक यांना विभागणाऱ्या पत्र्यावरील भोके कारखान्यात पाडलेली, कडेने साफ असतात आणि डावीकडची भोके मुळात नसतात किंवा कारखान्याच्या झाकणाने बंद केलेली असतात. डावीकडून उजवीकडे नंतर फिरवलेल्या गाडीत तिथे जोडाचा पत्रा आणि वेल्डिंगची रेघ सापडते. अमेरिकेतील त्याच वर्षाच्या गाडीशी तुलना करून मुंबईच्या गाडीत ‘चूक’ शोधणारा परीक्षक अशा वेळी स्वतःच फसतो, कारण कॅनडाच्या आणि शिवडीच्या मालात बारीकसारीक फरक असणे हेच त्या गाडीच्या खरेपणाचे लक्षण असते.

पुढची दोन-तीन दशके या भागातील मोटारींच्या दृष्टीने सर्वांत उलथापालथीची ठरली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा अनेक गाड्यांच्या मागे लोणारी कोळशावर चालणारी गॅसची भट्टी बसवण्यात आली; तिच्यासाठी पाडलेली भोके आणि ठोकलेल्या पट्ट्यांच्या खुणा युद्धानंतर भट्टी उतरवली तरी सांगाड्यावर राहिल्या. १९४७ नंतर मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, प्लिमथ, डी सोटो या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. १९५३ च्या जकात आयोगाच्या अहवालानंतर सरकारने देशातच उत्पादन वाढवण्याची अट घातली, आणि नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी १९५४ पर्यंत आपले काम गुंडाळले. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. त्यांचे भाग येणे थांबले, परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीचा परवाना मिळणे दुरापास्त झाले, आणि मोटार चालू ठेवण्याचा सगळा भार कुर्ला, ऑपेरा हाऊस, चोर बाजार या ठिकाणच्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांवर आणि गल्लीबोळांतील मिस्त्रींवर पडला.

या मिस्त्रींचे काम नीट समजून घेतल्याशिवाय आज महाराष्ट्रातली कोणतीही जुनी गाडी नीट तपासता येत नाही. पिस्टन मिळेना तेव्हा दुसऱ्या एखाद्या ट्रकचा पिस्टन घेऊन त्याच्या मापाने सिलिंडर बोअर केला गेला. झिजलेल्या जागी लेथवर कातलेले पितळी बुश ठोकले गेले. तुटलेल्या दाराच्या मुठी वाळूच्या साच्यात ओतून घेतल्या गेल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले, आणि मैलामागे भरमसाट पेट्रोल पिणाऱ्या सहा व आठ सिलिंडरांच्या अमेरिकी गाड्यांतली मूळ इंजिने उतरवून त्यांच्या जागी मद्रासच्या सिम्पसन कंपनीत तयार होणाऱ्या पर्किन्ससारखी डिझेल इंजिने बसवण्याची लाट आली. उतरवलेले इंजिन बहुतेकदा भंगारात गेले. त्या काळच्या मालकाने केलेला हा हिशेब पूर्णपणे शहाणपणाचा होता, कारण त्याला गाडी चालवायची होती. आणि हेही खरे की डिझेल इंजिन बसले नसते तर यांतल्या अनेक गाड्या त्या दशकात तोडल्या गेल्या असत्या. आजच्या खरेदीदाराने बॉनेट उघडताच डिझेल इंजिन पाहून तोंड फिरवणे ऐतिहासिक दृष्टीने अन्यायाचे आहे, जरी किमतीच्या दृष्टीने ते समजण्याजोगे असले तरी.

ओळखीची तपासणी ही शिस्त म्हणून प्रथम इंग्लंडमध्ये घडली. १८९६ साली मोटारींवरील वेगाचे जाचक निर्बंध सैल झाले त्याच्या आनंदाप्रीत्यर्थ लंडनहून ब्रायटनला मोटारी गेल्या होत्या. १९२७ पासून तो प्रवास जुन्या गाड्यांच्या संचलनाच्या रूपाने पुन्हा सुरू झाला, आणि १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच त्यात प्रवेश असल्यामुळे गाडी नेमकी कोणत्या वर्षाची हे ठरवणे भाग पडले. १९३० साली स्थापन झालेल्या व्हेटरन कार क्लबने हे काम हाती घेतले आणि गाडीचे भाग, क्रमांक, जुनी सूचिपत्रे व छायाचित्रे ताडून तिच्या वर्षाचा दाखला देण्याची प्रथा पाडली. १९३४ साली निघालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबने १९३० च्या अखेरीपर्यंत बनलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ हे नाव दिले. बोलीभाषेत मात्र आज कोणत्याही जुन्या देखण्या गाडीला हे नाव सर्रास लावले जाते. भारतात दिल्लीला १९६४ साली ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली, पुढे कलकत्त्यात आणि मुंबईत असे मेळावे भरू लागले, आणि संस्थानिकांच्या गॅरेजांत धूळ खात पडलेल्या गाड्यांकडे लोकांची नजर गेली. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले त्याच्या आगेमागे अशा कित्येक गाड्या विक्रीला निघाल्या. काही परदेशी गेल्या, काही मुंबईच्या संग्राहकांनी घेतल्या. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक आजही शाही दसऱ्याच्या मिरवणुकीत दिसते, पण असे भाग्य फार थोड्या गाड्यांना लाभले.

तपासणीची सुरुवात जाणकार माणूस पत्र्यापासून करतो. मऊ कापडात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक मडगार्डच्या कडेने, दारांच्या खालच्या भागावरून आणि फुटबोर्डाच्या जोडावरून हळूहळू फिरवले जाते. पोलादी पत्र्यावर ते घट्ट ओढले जाते, आणि जिथे गंजलेला पत्रा कापून त्या जागी जाड पुट्टी भरलेली असते तिथे त्याची ओढ एकदम ढिली पडते. ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. तिची मर्यादा थोड्यांना ठाऊक असते. उंची गाड्यांच्या बॉडीला पुष्कळदा ॲल्युमिनियमचा पत्रा वापरलेला असतो, त्यावर चुंबक मुळातच चिकटत नाही, आणि अशा गाडीवर पुट्टीचा आरोप करणारा खरेदीदार आपले अज्ञान उघडे करतो. त्या काळी रोल्स-रॉइससारख्या कंपन्या फक्त चासी, म्हणजे इंजिन, चाके आणि पाट्यांसह सांगाडा तयार करीत; त्यावरची बॉडी हूपर, बार्कर, थ्रप अँड मॅबर्ली यांसारखे स्वतंत्र बॉडीकार गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे बांधत. त्यामुळे एकाच गाडीत दोन कारखान्यांचे काम आणि दोन निरनिराळे क्रमांक असतात, आणि दोन्ही तपासावे लागतात.

बॉडीच्या पत्र्याच्या आत लाकडाची चौकट असते, आणि पश्चिम किनाऱ्याच्या हवेत खरे नुकसान तिथेच होते. इंग्लिश बॉडीकार ॲश नावाचे चिवट, हलके लाकूड वापरत. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ते ओल धरते, आणि वाळवीने एकदा पोखरले की बाहेरून रंग चकचकीत असूनही आत भुसा उरतो. याची परीक्षा दारापाशी होते. दार अर्धे उघडून मूठ धरून ते हलकेच वर उचलले असता बिजागरीचा खांब शाबूत असेल तर दार जागचे हलत नाही; खांब कुजला असेल तर दार वर येते, सोडल्यावर खाली बसते आणि बंद करताना कुलपाची जीभ आपल्या खोबणीच्या खाली लागते. चौकटीत सागवान सापडले तर मात्र दोन शक्यता उरतात. बॉडी एक तर मुळातच हिंदुस्थानात बांधलेली असते किंवा तिचे लाकूड नंतर इथल्या सुताराने बदललेले असते. दोन्हींतला भेद सांध्यांवरून, खिळ्यांवरून आणि आसनांच्या किंवा दाराच्या अस्तराआड लाकडावर ठोकलेल्या वा पेन्सिलीने लिहिलेल्या बॉडी क्रमांकावरून कळतो. म्हणून जाणकार खरेदीदार विक्रेत्याकडे अस्तराची एखादी पट्टी उचलू देण्याची परवानगी मागतो. ती नाकारली जाणे हाही एक निष्कर्ष असतो.

लाकडी आऱ्यांच्या चाकांची तपासणी हे या कसबातले सर्वांत नाजूक प्रकरण म्हणावे लागेल. तोफगाड्याच्या चाकांवरून घेतलेली ही चाके उष्ण, कोरड्या हवेत सुकतात, आरे आक्रसतात आणि तुंब्यात व धावेत ढिले होतात. ढिले चाक एक रात्र पाण्याने भिजवले की लाकूड फुगून आरे पुन्हा घट्ट बसतात, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकाला ते निर्दोष वाटते. ही लबाडी ओळखण्यासाठी अनुभवी मिस्त्री चाक जॅकवर उचलून, वरच्या आणि खालच्या टोकाला धरून, गाडीच्या अंगाने आत-बाहेर हलवून पाहतो. मग प्रत्येक आऱ्यावर लहान लाकडी हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकतो, कारण घट्ट आऱ्याचा आवाज खणखणीत आणि सैल आऱ्याचा बद्द येतो. आणि शेवटी आरा जिथे तुंब्यात शिरतो तिथल्या रंगाला केसाएवढी चीर गेली आहे का हे बोटाने चाचपतो. भिजवल्याने लाकूड फुगते, पण तडकलेला रंग सांधला जात नाही. राजस्थानातून आलेली गाडी मुंबईच्या दमट हवेत आठवडाभर उभी राहिली तरी चाके आपोआप थोडी आवळली जातात, त्यामुळे ढिलेपण सापडले नाही एवढ्यावरून कोणी निश्चिंत होऊ नये.

इंजिनाकडे येण्यापूर्वी रेडिएटरला हात लावून पाहण्याचा परिपाठ आहे. तो गरम लागला तर गिऱ्हाईक येण्याआधी गाडी चालू करून ठेवली होती असे समजावे, आणि थंड इंजिन सुरू होण्यातली अडचण लपवली जात आहे का याचा विचार करावा. त्यानंतर इग्निशन बंद ठेवून पुढच्या हॅण्डलने इंजिन सावकाश फिरवले जाते. प्रत्येक सिलिंडर दाबाच्या टप्प्यावर आला की हाताला विरोध जाणवतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात चारही वेळा तो सारखा लागला तर पिस्टन-रिंगा आणि व्हॉल्व्ह बरे आहेत असा अंदाज बांधता येतो, एखाद्या फेरीत हॅण्डल मऊ गेले तर त्या सिलिंडराची संशयितांत नोंद होते. हॅण्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवण्याची शिकवण जुने ड्रायव्हर नव्या पोरांना आवर्जून देत, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर दांड्याला वेढा घातलेला अंगठा मोडतो. इंजिन सुरू झाल्यावर धुराचा रंग पाहतात : निळसर धूर जळणाऱ्या ऑइलचा, काळा जादा पेट्रोलचा आणि थांबता न थांबणारा पांढरा धूर बहुधा सिलिंडरात झिरपणाऱ्या पाण्याचा. या काळातल्या इंजिनांचे बेअरिंग पांढऱ्या धातूचे, म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मऊ मिश्रधातूचे, जागेवर ओतून घडवलेले असे. ते झिजले असेल तर इंजिन थंड असताना घट्ट ऑइल त्याचा आवाज झाकते, आणि खरी ठोक इंजिन पुरते तापून ऑइल पातळ झाल्यावरच ऐकू येते. हे बेअरिंग ओतणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत, त्यामुळे ही एक ठोक खरेदीदाराला बाकीच्या सर्व दुरुस्त्यांपेक्षा महाग पडू शकते.

यंत्राची प्रकृती अशी हाताने आणि कानाने कळते. ओळख ठरवण्यासाठी क्रमांक आणि कागद लागतात. आरटीओमध्ये गाडीची नोंदणी करताना चासीवर ठोकलेल्या क्रमांकावर कागद धरून त्यावर पेन्सिल घासून ठसा उठवण्याची पद्धत भारतात रूढ झाली, आणि नोंदणीच्या अर्जात या ‘चासी प्रिंट’साठी जागा राखलेली असते. जुन्या गाडीच्या तपासणीत हाच साधा ठसा मोलाचा ठरतो, कारण जुन्या काळी अंक हाताने एकेक करून ठोकले जात आणि त्यांची ओळ, खोली व वळण यांत त्या कारखान्याची ढब उतरे. क्रमांक कानशीने घासून नवा ठोकला असेल तर पेन्सिलीच्या ठशात अंकांमागची घासणीची रेषा उमटते. न्यायवैद्यक प्रयोगशाळा याच्याही पुढे जातात : ठोकल्याने धातूचे कण खोलवर दाबले गेलेले असतात, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर विशिष्ट आम्लद्रव लावल्यास पुसलेला अंकही पुन्हा दिसू शकतो. काही गाड्यांची ओळख मुळातच निराळ्या जागी असते. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत बहुतेक काळ इंजिनाचा क्रमांक हाच गाडीचा क्रमांक होता, त्यामुळे इंजिन बदलले की कागदोपत्री गाडीच बदलली. रोल्स-रॉइसच्या बाबतीत उलट स्थिती आहे. प्रत्येक चासीची कारखान्यातील नोंदपत्रे टिकून आहेत, आणि ती इंग्लंडमधील रोल्स-रॉइस उत्साहींच्या क्लबकडे पाहायला मिळतात, म्हणून खोटी रोल्स-रॉइस उभी करणे तुलनेने कठीण आहे.

कागदांच्या बाबतीत संस्थानी मुलखातली गाडी विशेष काळजीने पाहावी लागते. अनेक संस्थानांच्या नोंदणीची स्वतःची व्यवस्था होती. विलीनीकरणानंतर, कोल्हापूरच्या बाबतीत १९४९ नंतर, या गाड्यांची मुंबई राज्यात नव्याने नोंद झाली, १९६० साली राज्याची विभागणी झाली, आणि १९८९ पासून आजची ‘एमएच’ मालिका आली. अशा प्रत्येक टप्प्यावर कारकुनाने निर्मितीच्या वर्षाच्या रकान्यात नोंदणीचे वर्ष लिहिल्याची शक्यता असते, आणि त्यामुळे १९२८ ची गाडी कागदावर १९४९ ची होते. आरसी बुकावरचे वर्ष आणि गाडीच्या अंगावरच्या खुणा जुळत नसतील तर त्यात लबाडीच असेल असे नाही. पण कोणता पुरावा खरा धरायचा हे खरेदीपूर्वीच ठरवावे लागते. पुढचे ब्रेक हा अशा वेळी उपयोगी पडणारा पुरावा आहे, कारण १९२४ च्या सुमारापूर्वी बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत.

भाग बदलत गेले तर गाडीची ओळख कोठे संपते, या प्रश्नाचा निवाडा १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेली, १९२९ आणि १९३० साली ल मान्सची शर्यत जिंकणारी बेंटली एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला होता, आणि ही मूळ गाडीच नव्हे असे म्हणून खरेदीदाराने पैसे देण्यास नकार दिला. गाडीत शर्यतीच्या वेळचे भाग फारसे उरलेले नव्हते हे कोर्टापुढे स्पष्ट झाले. तरीही न्यायाधीशांनी असा निर्णय दिला की तिचा इतिहास अखंड आहे, ती कधी मोडून पुन्हा नव्याने जुळवलेली नाही, एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात ती बदलत गेली, आणि म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव तिचेच आहे. या निर्णयाचे महत्त्व भारतासारख्या देशात अधिक आहे. इथल्या जुन्या गाड्या आयुष्यभर चालत्या राहिल्या आणि चालत्या ठेवण्यासाठीच बदलल्या. त्यांच्या बाबतीत शाबूत भागांची मोजदाद करण्यापेक्षा मालकीची आणि दुरुस्तीची साखळी सलग दाखवता येते का हे पाहणे अधिक न्याय्य आहे.

कायदा मात्र दुसऱ्या दिशेने गेला. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. अशा वाहनाला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, आणि वाहन प्रदर्शन, रॅली, संशोधन वा देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट असून ते तपासण्यासाठी राज्यांनी समिती नेमावी असे नियम सांगतो. जुन्या गाड्यांना कायद्याने ओळख दिली ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ‘मूळ स्वरूप’ या शब्दांचा अर्थ कारखान्याच्या दारातून बाहेर पडतानाची अवस्था असाच घेतला, तर तेलसंकटात डिझेल इंजिन लावलेल्या, सागवानी चौकट घातलेल्या आणि कुर्ल्याच्या लेथवर नवे बुश घेतलेल्या असंख्य गाड्या बाहेर राहतील. शिवाय त्यांचे मालक जुन्या दुरुस्तीच्या खुणा पुसून परदेशातून मागवलेले नवे भाग बसवू लागतील, म्हणजे खऱ्या इतिहासाच्या जागी बनावट मूळपणा येईल. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद याबाबत अधिक समंजस आहे; वापराच्या काळात झालेले बदल हेही वाहनाच्या इतिहासाचा भाग आहेत, आणि जीर्णोद्धारापेक्षा जतनाला आधी स्थान द्यावे, अशी तिची भूमिका आहे. राज्यांच्या तपासणी समित्यांनी हीच भूमिका घ्यायला हवी.

या कसबाची सर्वांत मोठी उणीव अशी की त्याची लेखी परंपरा आपल्याकडे तयार झाली नाही. कोणत्या गाडीचे इंजिन कधी आणि का बदलले, चौकट कोणी घातली, पांढरा धातू कोणी ओतला ही माहिती मिस्त्रीच्या डोक्यात राहिली आणि त्याच्याबरोबर गेली. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, व्यवहार होवो वा न होवो, तपासणीत जे आढळले ते तारखेसह कागदावर उतरवावे, चासी आणि बॉडी क्रमांकांचे पेन्सिल-ठसे त्याला जोडावेत, काम केलेल्या कारागिराचे नाव त्यात लिहावे, आणि ते टिपण आरसी बुकाबरोबर पुढच्या मालकाच्या हाती द्यावे.